लेकीच्या गिटारचा ठसा

लेक घरात नसली की आण्णा सरतापे तिची गिटार खाटेवर उताणी ठेवायचा, अंगठ्याचं नख तारेखाली सरकवायचा आणि डोक्याकडून पोटाकडं हळूहळू ओढत न्यायचा. तार वरून कितीही चकाकू दे, तिची खरी अवस्था तिच्या खालच्या अंगाला असते. गिटारच्या दांडीवर आडव्या बारीक धातूच्या पट्ट्या ठोकलेल्या असतात, त्यांना फ्रेट म्हणतात. बोटानं तार दाबली की ती त्या फ्रेटवर टेकते, घासते, आणि रोजच्या दाबानं तिथं तिला खाच पडते. डोळ्याला दिसत नाही, पण नख बरोबर अडखळतं.

आण्णाच्या स्वतःच्या तारांना डोक्याजवळच्या पहिल्या तीन फ्रेटांपाशी अशा खाचा पडायच्या, की उंदरानं दात लावलेत असं वाटावं. तिथून पुढं तार अगदी कोरी. पायलच्या तारेला मात्र खोल खाच कुठंच नव्हती. बारीक बारीक खुणा होत्या, त्या पार खाली पोटापर्यंत, सगळ्या दांडीभर. पोरगी गावातल्या सगळ्या गल्ल्या हिंडून येत होती आणि आण्णा इतकी वर्षं वेशीतच बसून होता. आण्णाच्या पोटात आधीच जे पेटलं होतं, ते नखानं हे सांगितल्यावर काही विझेना.

बापानं लेकीवर जळावं ही काय चारचौघांत बोलायची गोष्ट नव्हे. आण्णाही बोलला नाही. तो फक्त जळत राहिला.

लोणंदच्या स्टेशनामागं त्याचं दोन खोल्यांचं घर. शिरवळच्या एका कारखान्यात तो पॉवर प्रेसवर होता. पत्रा ठेवायचा, हात मागं घ्यायचा, पायानं पेडल दाबायचं, धाडकन पार्ट खाली. त्याआधी, मिसरूड फुटत होतं त्या वयात, तो बेंजो पार्टीत होता. वरातीपुढं चालत चालत बेंजो वाजवायचा, तर बोटांत जोर लागतो. ताशाच्या कडकडाटातून आवाज निघाला पाहिजे. आण्णा बटणं अशी हाणायचा, की बघणाऱ्याला वाटावं गडी खिळे ठोकतोय. मग पलटणीच्या बँडमधून रिटायर होऊन आलेल्या लालासाहेबांनी त्याला आपली जुनी इलेक्ट्रिक गिटार दिली, तीन कॉर्ड, म्हणजे तारा एकदम धरायच्या तीन पकडी, दाखवल्या आणि सांगितलं, "ह्या तिनावर आख्खी पलटण नाचवलीया मी. तुला जन्मभर पुरतील." आण्णाला त्या खरंच पुरल्या. गिटारवर त्यानं हात ठेवला तो बेंजोचाच.

त्या तीन कॉर्डांवर त्यानं भामाबाई मिळवली. भामाबाई विहारात गायची. आवाज असा, की माईक बंद पडला तरी मागच्या रांगेतलं माणूस हलायचं नाही. लग्न झालं आणि दोघांची मिळून 'मैत्री गायन पार्टी' झाली. भामाबाईचा भाऊ प्रबुद्ध ढोलकीला. भामाबाई मधे, तिच्या डाव्या हाताच्या खुर्चीवर आण्णा. तिची एक सवय होती. कडवं संपवून धृपदावर परत यायचं असलं की ती न बघता डाव्या हातानं आण्णाच्या गुडघ्यावर थाप मारायची. माईक उजव्या हातात, थाप डाव्या. चारशे माणसांसमोर बायकोनं गुडघ्यावर थाप मारावी आणि कुणाला त्यात काही वावगं वाटू नये, हा मान सगळ्या लोणंदात एकट्या आण्णाचा होता.

पायल शाळेत असताना ह्याच गिटारवर शिकली. पुढं साताऱ्याला कॉलेजात गेली, मोबाइलवर बघून बघून काय काय उचललं, आणि पुण्याच्या कुणा पोराकडून जुनी गिटार घेऊन आली. तांबडी भडक. आण्णानं कौतुक केलं. स्वतः तारा चढवून दिल्या. तोवर सगळं ठीक होतं.

बिघडलं ते शिरवळच्या एका लग्नाच्या कार्यक्रमात. दुसऱ्याच गाण्याला आण्णाची तार तुटली. तारा तुटणं त्याला नवं नव्हतं. महिन्या दीड महिन्यात एक तरी जायचीच. तो स्पीकरमागं जाऊन तार बदलायला बसला. पायल नुसती व्हिडिओ काढायला म्हणून आली होती, पण गिटार गाडीत होती. प्रबुद्धनं ढोलकी न थांबवता तिला मानेनं खूण केली.

पोरगी आईच्या डाव्या हाताला बसली. भामाबाईनं पुढची ओळ घेतली, आणि रोज जिथं ती उतरायची तिथं न उतरता आणखी वर गेली. गिटार तिच्या मागोमाग वर गेली. मांडवातली बोलणी थांबली. कडवं संपलं आणि भामाबाईनं, न बघता, पायलच्या गुडघ्यावर थाप मारली.

आण्णानं ती थाप स्पीकरच्या फटीतून पाहिली. हातातली नवी तार त्याच्या बोटात घुसली, त्याला कळलंसुद्धा नाही.

"ताईला फेटा बांधा!" नवरीचा मामा ओरडला. पायलला फेटा बांधला. भामाबाई लेकीच्या फेट्याचा तुरा सारखा करीत होती आणि आण्णा हातात गिटार घेऊन, तार बदलून, स्पीकरपाशी उभा होता. त्याला कुणी बस म्हटलं नाही, ऊठही म्हटलं नाही.

आठवड्यानं प्रबुद्ध घरी आला. चहा पिता पिता इकडचं तिकडचं बोलला आणि मग कपाकडं बघत म्हणाला, "दाजी, सांगलीच्या जयंतीचं पक्कं झालं. लय मोठं स्टेज हाय. पर एकच गिटार नेऊ म्हंतो. दोन झाल्या की एकमेकीत घुसत्यात."

"मग मी हाय की," आण्णा म्हणाला.

"तुमी हायसाच वो. पर…" प्रबुद्धनं बहिणीकडं पाहिलं. "आक्का ठरवंल."

भामाबाई भाकरी थापत होती. मागं न बघता म्हणाली, "रविवारी विहारात तालीम हाय. माझा सूर जो सांभाळंल, त्यो माझ्याजवळ बसंल. घरातलं नातं घरात."

"आई, आण्णाच बसू देत," पायल म्हणाली. मनापासून म्हणाली. ते आण्णाला जास्त झोंबलं. आपली खुर्ची लेकीनं आपल्याला दान करावी?

त्या दिवसापासून आण्णा कारण शोधायला लागला. माणसाला जळायचं तर जळण लागतंच. प्रेसवर उभा असताना, शिरवळच्या बसमध्ये, विचार एकच: तिच्या तारा टिकतात, माझ्या तुटतात. तिचा सूर लोण्यासारखा वितळतो, माझा खडा लागतो. का? हातात फरक नाही. हात तर आपणच शिकवला. मग फरक असणार लोखंडात.

त्यानं दोन्ही गिटारी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. त्याच्या दांडीवरचे फ्रेट बुटके, चपटे, पहिल्या तिनात तर तारांनी घळी पाडलेल्या. तिच्या दांडीवरचे उंच, रुंद, मक्याच्या दाण्यासारखे वरून गोल आणि गुळगुळीत. आण्णाचा जीव भांड्यात पडला. सापडलं! पोरीचं कर्तृत्व काही नाही. पट्ट्याच तसल्या आहेत. तसल्या पट्ट्या आपल्याला असत्या तर शिरवळला फेटा कुणाला बांधला असता?

आता तसल्याच पट्ट्या पाहिजेत. त्याच उंचीच्या, त्याच रुंदीच्या. पण माप कसं घ्यायचं? पायलला विचारलं तर तिनं एका मिनिटात मोबाइलवर काढून दिलं असतं, वर "कशाला हो आण्णा?" म्हणाली असती. ते नको. आण्णा प्रेसवरचा माणूस. एका वस्तूसारखी दुसरी काढायची तर ठसा घ्यायचा, एवढं त्याला पक्कं ठाऊक.

भामाबाई बाजारात गेली तेव्हा त्यानं मोरीतली कपड्याच्या साबणाची नवी वडी उचलली, पत्र्यावर उन्हात ठेवून मऊ केली, पायलच्या गिटारच्या तारा ढिल्या करून बाजूला सारल्या आणि वडी फ्रेटवर दाबली. चोरानं किल्लीचा ठसा घ्यावा तसा. सुंदर उमटला. मग शर्टाच्या टोकानं दांडी पुसली, तारा परत ओढल्या, वडी रुमालात बांधून पिशवीत टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पायल म्हणाली, "आई, माझ्या गिटारला साबणाचा वास का येतोय गं?"

"मला काय ठावं," भामाबाई म्हणाली. मग मोरीकडं बघून जरा थांबली. मोरीत वडी नव्हती. "तुजा बा कुटं गेलाय?"

"सांगलीला. कंपनीचं काम हाय म्हणाले. आणि गिटार घेऊन गेलेत."

"कंपनीच्या कामाला गिटार?" भामाबाई एवढंच बोलली आणि कपडे भिजत घालायला दुसरी वडी काढली.

आण्णा गाडीनं मिरजेला उतरला होता. तिथं सतारी-तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत बाबालाल म्हणून एक जण गिटारीही दुरुस्त करायचा. पान खाल्लेलं तोंड, बोलणं थांबत नाही. आण्णानं पिशवीतून साबणाची वडी काढून त्याच्यापुढं ठेवली, तेव्हा मात्र तो थांबला.

"मामा, आंघोळ करून आलोय मी."

"आवं, ठसा हाय त्यो. ह्या मापाच्या पट्ट्या बसवायच्या."

बाबालालनं वडी उजेडात धरली, फिरवली, हसला. "लई माणसं बघितली. कुणी फोटो आणतंय, कुणी गिटार आणतंय. साबण पहिल्यांदा. कुणाचा पडदा हाय हा?" फ्रेटला तो सतारीच्या बोलीतलं पडदा म्हणायचा.

"हाय एकाचा."

"लई उंच हाय. आनी ही तुमची?" त्यानं आण्णाच्या दांडीवरून बोट फिरवलं. "या अल्ला! ह्या तीन पडद्यांनी काय गुन्हा केला होता? बाकीच्यांना तर तुमी शिवलंसुदिक न्हाई. बघा, घळीत तार अडकतीय, घासतीय, म्हनून तुटतीय. ह्या घासून सारख्या करून देतो. बुटक्याच ठेवा. जरा जाड तारा घाला. काम झालं."

"नको. त्या मापाच्याच पायजेत."

"ऐका की मामा. उंच पडद्यावर बोट लाकडाला टेकत न्हाई. तार खाली मोकळी असती. तुमी जोरात दाबलं की ती खाली वाकती, ताणती, आनी सूर चढतो. बारीक तार असली तर आनखीच चढतो. ज्याचा हात हलका त्याला उंच पडदा आनी बारीक तार. ज्याचा हात जड त्याला बुटका पडदा आनी जाड तार. जरा वाजवून दाखवा, मी सांगतो तुमचा हात कसला."

समोरच्या दुकानात दोन पोरं तंबोरा लावीत बसली होती. आण्णाला वाटलं, आपण वाजवलं की हा हसणार. साबणाला हसला तसाच.

"हात लय हलका हाय माजा," तो म्हणाला. "फुलागत."

बाबालालनं त्याच्या प्रेसवर राबलेल्या पंजाकडं पाहिलं, परत तीन घळींकडं पाहिलं. मग खांदे उडवले. "तुमची गिटार, तुमचा हात. तारा कसल्या घालू?"

"त्याच्यात असत्यात तसल्याच. बारीक."

संध्याकाळी गिटार मिळाली. नव्या पट्ट्या दिव्याखाली चमकत होत्या. गाडीत आण्णा तिला मांडीवर घेऊन बसला आणि परतीच्या वाटेवर सगळी सांगली मनात रंगवून झाली. स्टेज, दिवे, भामाबाईचा हात, आपला गुडघा. आणि पायल खाली खुर्च्यांत बसलेली, टाळ्या वाजवणारी. ती टाळ्या वाजवतेय हे त्यानं पुन्हा पुन्हा मनात आणलं.

रविवारी विहारात सगळे जमले. "आधी मी," म्हणत आण्णा खुर्चीवर बसला. मोकळ्या तारा सूर दाखवणाऱ्या यंत्रावर लावून घेतल्या, सुरात होत्या. भामाबाईनं डोळे मिटून आलाप घेतला. आण्णानं पहिली कॉर्ड धरली, नेहमीच्या जोरानं.

भामाबाईनं डोळे उघडले.

"लावा की वो गिटार."

"लावलीया."

"मग मी बेसूर हाय का?"

आण्णानं परत लावली. मोकळी वाजवली, बरोबर. दाबली, चढली. जितकी चढली तितका तो चिडला, आणि जितका चिडला तितकी जोरात दाबली. गिटार दमेकऱ्यासारखी वर वर ओढायला लागली. प्रबुद्धनं ढोलकीवर हात आडवा ठेवला.

"दाजी, कुणाच्या तरी शेपटीवर पाय पडल्यागत वाजतंय वो."

"तुझी ढोलकी ढिली हाय!"

"ढोलकी आक्काच्या सुरालाच लावलीया की!"

"आण्णा, जरा हलक्या हातानं बघा," पायल म्हणाली. "एकदम अलगद…"

"तू मला शिकवू नगंस!"

भामाबाई आण्णाकडं बघत होती. त्याच्याकडं नाही, त्याच्या गिटारवरच्या नव्या चकचकीत पट्ट्यांकडं. मग तिनं नाकाशी पदर धरला, खोकल्यासारखं केलं आणि म्हणाली, "पायल, तू बस."

ठरलं. सांगलीला पायल. "तुमची बी गिटार घ्या," भामाबाई नवऱ्याला म्हणाली. "मागं बसा. लागली तर लागली." मागं म्हणजे पेट्यांच्या, वायरींच्या आणि पाण्याच्या बाटल्यांच्या शेजारी.

खरी परीक्षा त्यानंतर आली. निघायच्या आदल्या दिवशी पायलनं आपली गिटार बापापुढं आणून ठेवली. "आण्णा, नव्या तारा चढवून द्या ना. तुमच्यासारखे वेढे मला जमत नाहीत." खरंच कुणाला जमत नव्हते, आण्णाचे वेढे दोरा गुंडाळल्यासारखे एकाशेजारी एक पडायचे. पोरगी तारांचं पाकीट ठेवून मैत्रिणीकडं गेली.

आण्णानं जुन्या तारा उतरवल्या. एक एक नव्या चढवल्या. दुसऱ्या तारेपाशी आला आणि त्याचा हात थांबला. ही बारीक, साधी तार. वरच्या सुरांना पोरगी हिलाच ओढते, बाजूला ताणते, तेव्हा लोक मान डोलावतात. नवी तार त्याच्या डाव्या हातात होती. जुनी, उतरवलेली, मांडीवर. जुनीला एकदा वेढे पडलेले होते. तेच वेढे सोडून परत घातले की ती खुंटीजवळच कमजोर होते, हे लोणंदात त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

त्यानं जुनी तार फडक्यानं घासली. पॉलिश लावलं, परत घासली. नव्यासारखी चकाकली. आणि चढवली. वेढे नेहमीसारखेच सुबक घातले. नवी तार गुंडाळून खिशात टाकली.

"दुसरी तार जरा मुकी वाटतेय का?" संध्याकाळी पायल म्हणाली.

"नवी हाय," आण्णा म्हणाला. "बसंल."

सांगलीला मैदान भरलं होतं. निळे दिवे, निळे झेंडे, पुढं बायकापोरांची सतरंजी, मागं पार कठड्यापर्यंत माणसं. भामाबाई पांढऱ्या साडीत मधे बसली होती. डाव्या हाताच्या खुर्चीवर लेक. आण्णा मागं पेटीवर, मांडीवर गिटार, नजर त्या एका तारेवर.

पहिलं गाणं झालं. तार टिकली. दुसरं झालं, टिकली. प्रत्येक वेळी पायलचं बोट खाली सरकलं की आण्णाचा श्वास अडायचा. आता. आता जाईल. आणि जात नव्हती, तेव्हा त्याला राग येत होता. ह्या पोरीच्या हातात मेलेली तारसुद्धा मरत नाही. टाळ्या पडत होत्या. भामाबाईची थाप पडत होती. एक, आणखी एक. प्रत्येक थाप त्याला मागं बसून पाठमोरी दिसत होती.

चौथं गाणं संथ होतं. भामाबाई आईवरचं कडवं घेत वर चढली. पायलनं तिच्यासाठी तार ओढली, आणखी ओढली, आणि तार गेली. टंग असा आवाज स्पीकरमधून सगळ्या मैदानावर गेला. आण्णाला वाटलं होतं, त्या आवाजानं छाती थंड होईल. झाली नाही. उलट कुणीतरी आपल्यालाच हाणल्यासारखं वाटलं.

भामाबाई थांबली नाही. तीच ओळ तिनं नुसत्या ढोलकीवर परत घेतली. पायल मागं वळली, हात पुढं केला.

"आण्णा, तुमची द्या!"

वायर खोचायचा जॅक खराब आहे, असं म्हणायचं. एवढंच. शब्द त्याच्या जिभेवर तयार होते. पोरीचा हात तसाच पुढं होता. भामाबाईनं गाता गाता मान वळवली. विनवणी नव्हती त्या नजरेत, रागही नव्हता. तिचा डावा हात मात्र हवेत जरासा उचललेला होता, गुडघा कुठं आहे ते चाचपडत असल्यासारखा. आणि आण्णाला भीती वाटली, की हा हात असाच रिकामा खाली येईल. त्याच्याही गुडघ्यावर नाही आणि पोरीच्याही नाही.

त्यानं गिटार दिली.

पायलनं वायर काढून लावली, तारांवरून एकदा बोट फिरवलं, चमकून पट्ट्यांकडं पाहिलं, आणि वाजवायला लागली. त्याच उंच पट्ट्या. त्याच बारीक तारा. विहारात ज्या गिटारनं सगळ्यांचे कान किटवले होते, ती आता भामाबाईच्या आवाजाखाली हात धरून चालली होती. पोरगी तारेला दाबत नव्हतीच; नुसती टेकत होती. आण्णा बघत राहिला. लोखंडाचा हिशोब तिथंच, पेट्यांच्या शेजारी, संपला. आता दोष द्यायला काही उरलं नव्हतं.

मग धृपद आलं, आणि पायलचा हात वेशीत आला, त्याच पहिल्या तीन फ्रेटांवर. उजव्या हातानं तिनं एक झटका दिला. बेंजोचा झटका. वरातीत चालता चालता द्यायचा तो. हा तिला मोबाइलनं शिकवलेला नव्हता. हा लालासाहेबांचाही नव्हता. आण्णाच्या मानेवर काटा आला आणि तेवढ्यात त्याला पुन्हा जळावंसं वाटलं, कारण झटकासुद्धा ती त्याच्यापेक्षा बरा देत होती.

गाणं संपल्यावर निवेदकानं माईक घेतला. "मंडळी, मघाशी ताईंची तार तुटली. ऐनवेळी ज्यांनी स्वतःची गिटार दिली, ते ताईंचे वडील इथं मागं बसलेत. त्यांनी उभं राहावं!" मैदान टाळ्यांनी कडाडलं. आण्णा उभा राहिला. हात जोडले. खिशात गुंडाळलेली नवी तार होती. उभं राहताना तिचं टोक कापडातून बाहेर आलं आणि मांडीला बोचलं.

सकाळच्या गाडीनं सगळे परत निघाले. कराड गेल्यावर पायलनं बापाची गिटार मांडीवर घेतली.

"आण्णा, फ्रेट कधी बदलले? अगदी माझ्या मापाचे आहेत. जरासुद्धा फरक नाही."

आण्णा खिडकीबाहेर ऊस बघत होता.

"माझ्यासाठी केलंत? तार तुटली तर जोडीला असावी म्हणून?"

प्रबुद्धनं वर्तमानपत्र तोंडापुढं धरलं. भामाबाई म्हणाली, "काल सूर धरला कुणाच्या गिटारनं?"

"माज्या," आण्णा म्हणाला.

"आन् हात कुणाचा?"

आण्णानं लेकीच्या मांडीवरल्या गिटारकडं पाहिलं. मग ताठ झाला. "हात बी माजाच. शिकवला कुणी?"

"व्हय व्हय," भामाबाई म्हणाली. "मग साबण कशाला लागला?"

वर्तमानपत्र हलायला लागलं. "कसला साबण?" पायल म्हणाली. आण्णाचे कान तिच्या गिटारइतके तांबडे झाले.

बऱ्याच वेळानं भामाबाई त्याच्या बाजूला सरकून बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "ह्या उंच पट्ट्या काढून टाका. तुमच्या हाताच्या बसवा, बुटक्या. जाड तारा घाला. फुडच्या कार्यक्रमाला दोन्ही गिटारी घिऊ. प्रबुद्धाला मी बगते. तुमी माज्या उजव्या हाताला बसा."

"आन् डाव्या?"

"डाव्या हाताला पोरगी."

आण्णानं ते मनात फिरवून पाहिलं. रहिमतपूर आलं, गेलं. मग त्यानं विचारलंच, "पर थाप?"

"कसली थाप?"

"गुडघ्यावरची. उजवीकडं माझ्या बी मारशील न्हवं?"

भामाबाई हसली. "उजव्या हातात माईक असतोय माज्या."

समोरच्या बाकावरून पायल म्हणाली, "आण्णा, तुटलेली तार कुठंय? नवी कोरी होती, तुटली कशी ते बघू दे. दुकानदाराला दाखवते."

"टाकली तितंच," आण्णा म्हणाला.

तुटलेली आणि नवी, दोन्ही त्याच्याच खिशात होत्या. गाडी सांधा बदलताना हिसका बसला की एकीचं ना एकीचं टोक मांडीत घुसत होतं. त्यानं पाय हलवला नाही. लोणंद येईपर्यंत तो तसाच बसून राहिला, एका बाजूला बायको, समोर लेक, आणि लेकीच्या मांडीवर त्याची गिटार.